ओळखीची भाजी

नातवंडं भाजी खात नाहीत, ही तक्रार मीरा-भाईंदरच्या घराघरांत ऐकू येते आणि तिचं खापर बहुतेक वेळा आजी-आजोबांच्या माथी फुटतं. आई-वडील सकाळची चर्चगेट लोकल धरतात, रात्री आठ-नऊला परततात. दुपारचं ताट आम्ही वाढतो. पोरगं मेथी बघून तोंड फिरवतं, पुलावातला फरसबीचा तुकडा न् तुकडा वेचून बाजूला काढतं, दुधीचं तर नाव काढू देत नाही. शेवटी आम्ही तूप-साखर पोळीचा रोल करून देतो किंवा मॅगीचं पाकीट फोडतो. रात्री सून म्हणते, "आई, तुम्हीच लाडावून ठेवलंय त्याला." यावर आमच्या पिढीचं ठरलेलं उत्तर असतं: आमच्या वेळी ताटात पडेल ते मुकाट खावं लागे.

उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून आम्ही खाल्लं, हे तर झालंच. पण ताटात येण्याआधी भाजी आमच्या ओळखीचीही झालेली असे. परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू माजलेलं असायचं, मांडवावर शिराळी लोंबायची, शेवग्याच्या शेंगा काढायला आकडी घेऊन कोण जाणार यावरून भावंडांत भांडणं व्हायची. गिरगाव-परळच्या चाळीत वाढलेल्या मुलांनाही मे महिन्यात गावी गेल्यावर हे बघायला मिळे, आणि चाळीत मेथी निवडायला, भिजवलेले वाल सोलायला पोरांनाच बसवत. मुळा बोटांनी चाचपलेला असे, कोथिंबिरीच्या मुळांचा वास हाताला लागलेला असे. आजच्या नातवाला भाजी पहिल्यांदा भेटते ती चिरून, शिजवून, आणि "खा" या हुकमासकट.

साधारण दोन ते सहा वर्षं या वयात अनोळखी पदार्थाची धास्ती सर्वांत जास्त असते, असं बालपोषणाचे अभ्यासक सांगतात. नुकतंच चालायला लागलेलं मूल दिसेल ते तोंडात घालू शकतं; अशा वयात नवं आणि कडू ते थुंकून टाकण्याची वृत्ती त्याचा जीव वाचवणारी ठरली असणार. म्हणजे ताटापुढचा तो हट्ट लाडाने आलेला नाही. तो निसर्गाने दिलेला आहे आणि ओळख वाढली की सैल होतो. लीन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980च्या दशकात लहान मुलांवर केलेले प्रयोग या बाबतीत फार मोलाचे आहेत. दोन वर्षांच्या मुलांपुढे एखादा नवा पदार्थ जितक्या जास्त वेळा आला, तितका तो त्यांना जास्त आवडू लागला. बक्षिसाच्या आमिषाने एखादं पेय प्यायला लावलेल्या मुलांना मात्र ते पेय नंतर आधीपेक्षा कमी आवडलं. "भाजी संपव, मग मोबाइल देते" हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो? त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि मोबाइल ही सुटका.

ही ओळख जन्माआधीपासून सुरू होते. ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2001 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत किंवा बाळाला पाजत असताना ज्या आयांनी काही आठवडे गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज खाताना कमी तोंडं वाकडी केली. बाळंतिणीला शेपूची, मेथीची भाजी आग्रहाने वाढणाऱ्या आपल्या आज्यांच्या मनात दुधाचा विचार होता. बाळाची चवही त्यातून घडत होती.

घरी लावलेल्या भाजीकडे मी या ओळखीच्या बाजूने पाहते. खिडकीच्या ग्रिलमधल्या एका कुंडीत भेंडीचं बी टोचलं की दीड-दोन महिन्यांत फूल येतं. फिकट पिवळं, आत गडद तांबडा डोळा. ते पहाटे उमलतं आणि दुपार कलली की मिटतं, म्हणून शाळेला जायच्या घाईत ते बघायला माझा नातू दात घासायचा ब्रश तोंडात धरून खिडकीशी येतो. फूल गळल्यावर बोटाच्या पेराएवढी भेंडी दिसते, आणि पाच-सहा दिवसांत ती तोडावीच लागते. राहिली तर जून होते. बाजारात बायका टोक मोडून बघतात ते का, हे त्याला या कुंडीने शिकवलं. आता मंडईत गेलं की तोच टोक मोडून बघतो आणि भाजीवाल्या मावशी त्याला ओरडतात. झाडावरची पहिली भेंडी त्याने उभ्याउभ्या कच्चीच खाल्ली. शिजवलेली भेंडी बुळबुळीत म्हणून टाकणारा तो हाच मुलगा.

यामुळे तो सगळ्या भाज्या खाऊ लागला असं झालेलं नाही. दुधी अजून नको असतो, आणि वांग्याला तर हातही लावत नाही. काही मुलांना विशिष्ट स्पर्श, विशिष्ट वास खरोखर सहन होत नाही. तिथे कुंडीचा उपाय चालत नाही आणि जबरदस्ती तर मुळीच करू नये. पण पूर्वी तो ताटापुढे न्यायाधीशासारखा बसायचा, आता निदान चव घेऊन बघतो. माझ्या मते खरा बदल तोच.

घरच्या भाजीची हल्ली जी ओढ लागली आहे तिचं कारण मात्र बहुतेकांच्या बाबतीत वेगळं असतं. रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकलेला पालक आपण गाडीतून पाहिलेला असतो. फवारण्यांबद्दल वाचलेलं असतं. म्हणून विषारी भाजी नको, घरचीच बरी, असं माणसं म्हणतात. ही काळजी अनाठायी नाही. तरीही केवळ भीतीपोटी लावलेली कुंडी मुलाला भीतीच देते. भाजीत विष असतं हे उठता-बसता ऐकणारं मूल भाजीवर प्रेम का करील? शिवाय हिशेबही जुळत नाही. ग्रिलमधल्या पाच-सहा कुंड्यांतून चौघांच्या घराची रोजची भाजी निघत नाही. मेथीची एखादी जुडी, चार मिरच्या, मूठभर टोमॅटो निघतात. बाकीची भाजी कोणीतरी शेतकरीच पिकवणार, आणि त्याच्या मालाबद्दल मुलाच्या मनात किळस पेरणं हा त्या शेतकऱ्यावरही अन्याय आहे.

जागा मिळाली तर शहरात बरंच पिकतं, हेही खरं. श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवारा'तून सामान्य माणसाला थोड्या जागेत, पालापाचोळ्याची माती करून पिकवायला शिकवलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडावर गच्चीत भाज्या घेतल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. या तिघांच्याही कामात एक गोष्ट समान आहे: माती विकत आणायची नाही, वाया जाणाऱ्या काडीकचऱ्यातून ती तयार करायची.

मीरा-भाईंदरला हे लागू करायचं तर आधी आपलं गाव नीट बघायला हवं. 2001च्या जनगणनेत इथे 5 लाख 20 हजार माणसं होती, 2011ला 8 लाख 9 हजार झाली. टॉवर वाढले, मिठागरं आणि शेतं आकसली. तरी राई, मुर्धे, मोर्वा ही गावं अजून आहेत. डोंगरी-उत्तनच्या बाजूला आगरी, कोळी, ख्रिस्ती कुटुंबं आहेत, त्यांच्या वाड्या आहेत. पावसाळ्यात राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या पाड्यांवरून आदिवासी बाया टाकळा, कुरडू, कंटोळी घेऊन रस्त्याकडेला बसतात. खाडीपलीकडच्या वसईतली भाजी तर पिढ्यान्‌पिढ्या लोकलच्या डब्यातून मुंबईत जाते. आपली नातवंडं मॉलमध्ये दर आठवड्याला जातात, आणि त्यांच्याच महापालिकेच्या हद्दीत वाफे कसे असतात हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

याच उत्तनच्या धावगी डोंगरावर आपला कचरा जातो. तिथून झिरपणारं काळं पाणी शेतात आणि विहिरींत उतरतं, धुराने श्वास घेणं कठीण होतं, असं पायथ्याचे गावकरी वर्षानुवर्षं सांगत आले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. आपण फेकलेली मेथीची देठं, वाटाण्याची सालं, केळीच्या साली याच कचऱ्यात असतात. शहरातल्या मुलांना भाजीची ओळख व्हावी म्हणून जी माती लागते ती आपण रोज घराबाहेर टाकतो, आणि ती जाऊन खऱ्या शेतकऱ्याचं शेत नासवते. हे मला फार अस्वस्थ करतं. आजी म्हणून नातवाला भेंडीचं फूल दाखवायचं, आणि उत्तनच्या नातवंडांच्या विहिरीकडे पाठ फिरवायची, हे मला जमणार नाही.

म्हणून हा विषय एकेका घराच्या ग्रिलवर सोडून भागणार नाही. ग्रिलमध्ये ऊन येतं ते दिशेच्या नशिबाने, आणि पाणीकपातीच्या दिवसांत पिण्याच्या पाण्यातून कुंड्या शिंपणं शोभत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तेवढ्याला पुरतं. पण सोसायटीच्या गच्च्या बहुतेक रिकाम्या असतात. गळतीची भीती रास्त आहे. ती ओल न झिरपणारा थर देऊन आणि माती थेट स्लॅबवर न टाकता क्रेट-पिशव्यांत भरून आटोक्यात ठेवता येते. शालेय पोषण आहार योजनेत केंद्र सरकारने 2019 साली शाळांमध्ये परसबाग करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. आपल्या महापालिका शाळांच्या आवारात चार वाफे झाले, आणि त्यातला पालक मुलांच्या खिचडीत गेला, तर ज्यांच्या घरी खिडकीला ग्रिलही नाही त्या मुलांनाही ही ओळख मिळेल. खरी गरज त्यांना आहे.

आजी-आजोबांना माझं एवढंच सांगणं आहे. ताटावरून भांडणं थोडी कमी करा आणि निवडायला, सोलायला, पाणी घालायला नातवंडांना जवळ बसवा. पावसाळा सरला की ऑक्टोबरात मेथी, पालक, मुळा पेरायचे दिवस येतात. त्याआधी सोसायटीच्या सभेत गच्चीचा आणि ओल्या कचऱ्याचा विषय मांडा. सभेला वेळ आपल्याच पिढीकडे असतो.