शिवेपलीकडचा सूड



प्रेषितांच्या कृत्यांत ज्या लोद गांवाचें नांव येतें, जेथें पेत्रानें आठ वर्षें अंथरुणास खिळलेल्या ऐनेयास उठविलें, त्या गांवाच्या पूर्वेस डोंगराच्या उतरणीवर किब्या नांवाचें एक खेडें आहे. शास्त्रांत त्याचा उल्लेख नाहीं, आणि १९५३ सालापूर्वीं तें नांव बाहेरच्या जगांत फारसें कोणाच्या कानीं गेलें नव्हतें. त्या सालीं तेथें जें घडलें त्यावरून एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्या खेड्यापाड्यांतील उपदेशकांस वारंवार विचारण्यांत येतो. एका राज्यांतून येऊन कोणी दुसऱ्या राज्यांत खून करावा, खुनी सांपडूं नये, आणि मग ज्यांचें माणूस मेलें त्यांच्या सरकारनें रात्रीं निवडक शिपाई धाडून शिवेपलीकडच्या गांवावर सूड उगवावा, हें न्यायाचें आहे काय? असे छापे पुष्कळ देशांनीं घातले आहेत. तशी बातमी आली कीं पारावरचे लोक मिशांना पीळ देतात, आणि आपल्यांतील कोणी गप्प बसला तर त्यास विचारतात, "कां हो, तुमच्या धर्मांत मार खाऊन बसावयाचें असतें काय?" म्हणून ही हकीकत सविस्तर सांगतों.

१९४८ च्या युद्धानंतर इस्राएल व जॉर्डन ह्या राज्यांमध्यें ३ एप्रिल १९४९ रोजीं शस्त्रसंधि झाला. नकाशावर जी रेषा ओढली गेली ती कित्येक गांवें व त्यांचीं शेतें ह्यांच्या मधून गेली. घर अलीकडे, शेत पलीकडे, अशी लोकांची गति झाली. जे परागंदा झाले होते त्यांतील पुष्कळ रात्रीं रेषा ओलांडून येत. कोणी आपण लावलेल्या झाडाचीं फळें तोडावयास, कोणी टाकून आलेलें सामान न्यावयास, कोणी चोरी करावयास, आणि कांहीं थोडे खून करावयास. अंधारांत येणारा कोणत्या हेतूनें येत आहे हें पहारेकऱ्यास कसें कळावें? तो गोळी झाडी. अशा रीतीनें दोहों बाजूंस प्रेतें पडत गेलीं.

१२ ऑक्टोबर १९५३ च्या रात्रीं येहूद गांवीं एका घरांत हातबाँब फेंकण्यांत आला. एक आई व तिचीं दोन लहान मुलें मेलीं. येहूद ही परदेशांतून नव्यानें आलेल्या यहूदी लोकांची वस्ती. आणि ज्या जागेवर ती वसली तेथील अरब रहिवासी १९४८ सालीं देशोधडीस लागले होते. ह्या दुसऱ्या गोष्टीनें त्या खुनाचा दोष रतिभरहि कमी होत नाहीं. मुलें कोणाच्या जागेवर निजलीं आहेत हें पाहून त्यांच्या जिवाचें मोल ठरत नसतें.

खुन्यांचा माग रेषेपलीकडे गेला. दोन्ही राज्यांच्या तंट्यांचा विचार करणारा जो मिश्र आयोग होता, त्यापुढें जॉर्डनच्या प्रतिनिधीनें ह्या कृत्याचा निषेध केला व खुनी शोधून काढण्यास साह्य करूं असें वचन दिलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

१४ तारखेच्या रात्रीं सुमारें १३० इस्राएली शिपाई किब्यांत शिरले. त्यांत हवाई छत्रीनें उतरणाऱ्या पलटणीचे लोक होते, आणि '१०१ वें पथक' म्हणून त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत उभारलेली एक लहान निवडक टोळी होती. तिचा नायक एरियल शेरॉन हा पंचवीस वर्षांचा होता. हाच पुढें २००१ सालीं त्या राष्ट्राचा पंतप्रधान झाला. गांवचा पहारा फार वेळ टिकला नाहीं. मग सुरुंगाची दारू लावून एकामागून एक घरें उडविण्यांत आलीं. ४५ घरें पडलीं. शाळा व मशीद हींहि वांचलीं नाहींत. ६९ माणसें मेलीं, आणि त्यांत निम्म्याहून अधिक बायकामुलें होतीं.

घरें रिकामीं आहेत असा आमचा समज होता, असें शेरॉन ह्यानें पुढें आत्मचरित्रांत लिहिलें. परंतु संयुक्त राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांचा मुख्य, बेनिके नांवाचा डॅनिश सेनापति, ह्यानें सुरक्षा परिषदेपुढें जो वृत्तांत ठेविला त्यांत दारांवर गोळ्यांचीं पुष्कळ छिद्रें होतीं व दाराजवळ गोळ्या लागलेलीं प्रेतें पडलीं होतीं, असें सांगितलें आहे. बाहेर गोळ्यांचा वर्षाव चालूं असल्यामुळें माणसें आंतच कोंडून राहिलीं आणि घरें त्यांच्या अंगावर पडलीं, असा त्यावरून अर्थ निघाला. शिवाय, ज्या लष्करी हुकुमावर हें पथक निघालें त्यांत घरें पाडण्याबरोबर अधिकांत अधिक माणसें मारण्याचाहि उल्लेख होता, हें इतिहासकारांनीं पुढें कागदपत्रांवरून दाखविलें आहे.

आतां पुढची गोष्ट, जी मला त्या रात्रीइतकीच विचार करण्याजोगी वाटते. १९ ऑक्टोबर रोजीं पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन ह्यांनीं रेडिओवरून सांगितलें कीं, आमच्या सैन्याची एकहि तुकडी त्या रात्रीं आपला तळ सोडून गेली नव्हती. सीमेवरच्या संतापलेल्या रहिवाशांनींच तें केलें असावें. हें असत्य होतें, आणि तें सांगणारास तें असत्य असल्याचें ठाऊक होतें. परराष्ट्रमंत्री मोशे शारेट ह्यांनीं आधींच छाप्यास विरोध दर्शविला होता, व ही बतावणी जगांत कोणी खरी मानणार नाहीं असेंहि म्हटलें होतें, हें त्यांच्या रोजनिशीवरून दिसतें. जें कृत्य राष्ट्राच्या रक्षणासाठीं अवश्य म्हणून रात्रीं केलें, तें दिवसां आपलें म्हणवेना! न्यायाधीश फांशीची शिक्षा देतो तेव्हां ती भर कोर्टांत वाचून दाखवितो. जी शिक्षा देणाराला लपवावी लागते ती शिक्षा आहे किंवा दुसरें कांहीं, हें त्याच्याच मनानें त्यास आधीं सांगितलेलें असतें.

येथें माझीच एक गोष्ट सांगणें मला भाग आहे, नाहीं तर दूरच्या पंतप्रधानास नांव ठेवण्याचा मला अधिकार उरणार नाहीं. पाळक म्हणून पहिल्यानें ज्या गांवीं मी राहिलों त्या गांवाचा शेजारच्या गांवाशीं शिवेवरून जुना तंटा होता. एका रात्रीं आमच्याकडची कडब्याची एक गंज कोणी पेटविली. कोणी, तें कळलें नाहीं. तिसऱ्या रात्रीं आमच्या गांवचे तरुण शीव ओलांडून गेले व ज्या गंजी प्रथम हातीं लागल्या त्या तीन त्यांनीं जाळल्या. त्यांतील एक गंज एका विधवेची होती. तिच्या दोन बैलांचा उन्हाळ्याचा चारा तेवढाच. सकाळीं पोलीस पाटील चौकशीस आला. त्यानें मला विचारलें, "पाळकसाहेब, तुमच्या कानावर कांहीं आहे काय?" त्या तरुणांपैकीं दोघे रविवारीं माझ्यासमोर बसत असत, आणि त्यांनीं तें मला सांगितलें होतें. मी म्हणालों, "कोणी बाहेरचे असतील." गांवांत शांति राहावी म्हणून मी तसें म्हणालों, असें मी माझ्या मनास समजाविलें. पाऊस पडण्यापूर्वींच त्या बाईनें एक बैल विकला. पुढें ती मला बाजारांत दोन वेळां दिसली. मी दुसऱ्या बाजूनें गेलों.

मोशेच्या नियमशास्त्रांत अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायांत एक विधि आहे. त्यावर मीं आजवर कोणाचें प्रवचन ऐकिलें नाहीं, आणि स्वतः केलेंहि नाहीं. शेतांत कोणाचें प्रेत सांपडलें व मारणारा कोण तें ठाऊक नसलें, तर वडील मंडळींनीं तेथून भोंवतालच्या नगरांचें अंतर मोजावें. जें नगर सर्वांत जवळ निघेल त्याचें काय करावें? जाळावें? नाहीं. त्या नगराच्या वडिलांनीं वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यांत एक कालवड न्यावी, तिच्यावर हात धुवावे, आणि हें रक्त आम्हीं पाडिलें नाहीं, आम्हीं तें पाहिलेंहि नाहीं, अशी देवापुढें साक्ष द्यावी. वाचकहो, त्या काळीं रक्ताचा सूड घेणें हें आप्ताचें कर्तव्य मानीत. अशा लोकांस हा नियम दिलेला आहे. जवळ असणें म्हणजे अपराधी असणें नव्हे, एवढें शिकविण्यासाठीं पाटलांना दोरी घेऊन शेतांत अंतर मोजावयास लाविलें. किब्याच्या वेळीं अंतर मोजलें गेलें खरें, परंतु दोरीच्या टोकाशीं सुरुंग होता.

डोळ्याबद्दल डोळा, हा नियम आपण कठोर म्हणून सांगतों. वास्तविक तो लगाम होता. त्याच्या आधीं लामेख होता, जो आपल्या बायकांपुढें सत्याहत्तरपट सुडाची बढाई मारीत असे. एका डोळ्याबद्दल एकच डोळा, आणि तोहि ज्यानें फोडला त्याचाच, इतकें त्या नियमाचें म्हणणें. येहूदचे तीन आणि किब्याचे एकूणसत्तर हा हिशेब मोशेचा नव्हे, लामेखाचा आहे. डोंगरावरील प्रवचनापर्यंत जाण्याची येथें गरजच पडत नाहीं.

कोणी म्हणेल, पाळकबुवा, तुमचें घर सीमेवर नाहीं. जॉर्डनचें वचन घेऊन त्या बापानें काय करावें, ज्याची बायको व मुलें गेलीं? सरकारनें हातांत तरवार उगीच धरिली आहे काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत अधिकाऱ्याच्या तरवारीस देवाची सेवा म्हटलें आहे, आणि रात्रीं पहाऱ्यावर उभा राहणाऱ्या शिपायास मी दोष देत नाहीं. खुन्याचा पाठलाग करतां करतां कोणी रेषेपलीकडे गेला, किंवा पलीकडच्या सरकारनें खुन्यांस उघड थारा दिला व सर्व मागणें झिडकारिलें, तर तो प्रश्न वेगळा. त्यावर सज्जनांचीं मतें भिन्न पडतील, आणि मलाहि सहज उत्तर देतां येणार नाहीं. परंतु त्याच पत्रांत ती तरवार कोणावर, हेंहि सांगितलें आहे: जो वाईट करितो त्याच्यावर. किब्यांत तरवार खुन्यास शोधीत नव्हती. खुनी शोधण्याचें वचन हातीं आलेलें असतां, तें खरें कीं खोटें हें पाहण्यास दोन दिवसांचाहि अवकाश दिला गेला नाहीं.

मग ती तरवार काय करीत होती? जरब बसवीत होती, असें तिचे कैवारी स्वतःच सांगतात. ह्या शब्दापाशीं जरा थांबावें. शिक्षेसाठीं मनुष्य अपराधी असावा लागतो. जरब बसविण्यासाठीं तो नुसता जवळ असला म्हणजे पुरतें. इतकेंच नव्हे, तर जितका तो निरपराधी तितकी जरब अधिक, कारण मग कोणीच आपणांस सुरक्षित समजत नाहीं. येहूदच्या घरांत हातबाँब फेंकणाऱ्याचा हिशेबहि हाच नव्हता काय?

आणि जरब तरी बसली काय? २४ नोव्हेंबर १९५३ रोजीं सुरक्षा परिषदेनें नऊ मतांनीं ह्या कृत्याचा कडक निषेध केला व रेषा ओलांडणारांस आवरण्याविषयीं जॉर्डनलाहि सांगितलें. दोन राष्ट्रें तटस्थ राहिलीं. १९५४ च्या जानेवारींत १०१ वें पथक मोडून छत्रीवाल्या पलटणींत मिळविण्यांत आलें, आणि शेरॉन त्या पलटणीचा नायक झाला. १७ मार्च १९५४ रोजीं अक्रब्बीमच्या चढणीवर, जी यहूदाच्या वतनाची सीमा म्हणून आपण शास्त्रांत वाचतों, एका मोटारींतील अकरा उतारू मारले गेले. मारेकरी कोठून आले ह्याचा पुरता पुरावा मिश्र आयोगास मिळाला नाहीं. तरी त्याच महिन्याच्या अखेरीस बेथलेहेमाजवळील नहालीन गांवावर छापा पडला. १९५५ च्या फेब्रुवारींत गाझा, १९५६ च्या ऑक्टोबरांत कल्किल्या, आणि त्याच महिन्यांत मोठें युद्ध.

आपल्यांतील कोणी ह्यावरून यहूदी लोकांस नांवें ठेवूं लागेल तर त्यानें हेंहि ऐकावें कीं, किब्याविषयीं अत्यंत परखड शब्द एका धर्मनिष्ठ यहूद्यानेंच लिहिले. येशायाहू लाइबोविट्झ हा यरुशलेमच्या विद्यापीठांतील रसायनशास्त्राचा पंडित, नियमशास्त्र कसोशीनें पाळणारा. त्याचें म्हणणें असें होतें कीं, ह्या कृत्याचें समर्थन करतां येईल. युद्धांत इतरांनीं याहून वाईट केल्याचे दाखले आहेत. तथापि आपण तें समर्थन करूं नये. त्यानें आपल्या लोकांस दीनेची गोष्ट आठवून दिली. आपल्याच रेडिओवर पंतप्रधान बोलत असतां, आणि येहूदचीं मुलें नुकतींच पुरलेलीं असतां, असें लिहिणें सोपें नव्हतें. मला तर एका पोलीस पाटलापुढें बोलवलें नाहीं.

ती गोष्ट उत्पत्तीच्या चौतिसाव्या अध्यायांत आहे. बहिणीची अब्रू गेली म्हणून शिमोन व लेवी शखेम नगरांत शिरले आणि त्यांनीं अपराध्याबरोबर गांवांतील सगळे पुरुष मारले. बाप रागावला, तेव्हां त्यांनीं उलट विचारलें कीं, आमच्या बहिणीला वेश्येसारखें वागवूं द्यावयाचें होतें काय? अध्याय तेथेंच संपतो. याकोबानें उत्तर दिलें नाहीं. आणि खरोखर त्या प्रश्नाला तेथल्या तेथें काय उत्तर द्यावें तें मलाहि सुचत नाहीं. पुष्कळ वर्षें गेलीं. म्हातारा मिसर देशांत मरणोन्मुख पडला, मुलगे भोंवतीं जमले, एकेकाचें नांव घेऊन तो बोलूं लागला, आणि शिमोन व लेवी ह्यांची पाळी आली तेव्हां त्यानें त्यांच्या क्रोधास शाप दिला. मधल्या वर्षांत त्या दोघांनीं बापाला तो प्रश्न पुन्हां विचारला होता किंवा नाहीं, हें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं.