बेन्नूला धक्का द्यावा काय?

खगोलविदाने आधी गणित मांडले. सुमारे ४९० मीटर व्यासाच्या बेन्नू या लघुग्रहाची उन्हात तापलेली बाजू स्वतःभोवती फिरताना उष्णता बाहेर टाकते आणि त्या उत्सर्जनाच्या क्षीण रेट्याने, म्हणजेच यार्कोव्स्की परिणामाने, त्याची कक्षा दरवर्षी सुमारे २८४ मीटर सूर्याकडे सरकते. २१३५ मध्ये तो पृथ्वीजवळून जाईल, तेव्हा तिचे गुरुत्वाकर्षण या वाटेतला किरकोळ फरकही अनेक पटींनी वाढवील. २४ सप्टेंबर २१८२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची संभाव्यता २,७०० मध्ये १ आहे. खगोलविदाच्या मते २१३५ पूर्वी हलका धक्का पुरेल, त्यानंतर फार मोठा लागेल.

विधिज्ञाने विचारले, “निसर्गाने आदळवलेला दगड आपत्ती ठरतो, पण माणसाने वळवलेला दगड कृती ठरतो, ती कृती कोणाच्या नावावर मांडायची?”

२०२२ मध्ये डार्ट यानाने दुसऱ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डिमॉर्फॉस या लहान लघुग्रहाला धडक देऊन त्याचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून अधिक घटवला, तेव्हापासून सामर्थ्य हाती आले असून आता स्वस्थ बसणे हाही निर्णयच आहे, असे उत्तर मिळाले. परंतु विधिज्ञ तेथेच अडून राहिला. धक्क्याने २१८२ चा धोका टळला, तरी पुढच्या साऱ्या भेटी बदलतील आणि त्यांतली एखादी घातक ठरू शकेल. न ढकललेल्या वाटेचा दूरचा भविष्यकाळही तितकाच अज्ञात आहे, हे खगोलविदाने दाखवताच तो म्हणाला, “संभाव्यता दोन्हीकडे सारखी असेल, उत्तरदायित्व सारखे नाही.” १९७२ चा दायित्व करार यानामुळे पृथ्वीवर झालेल्या हानीची भरपाई ते सोडणाऱ्या राष्ट्राकडून मागतो, यानाने वळवलेल्या लघुग्रहाचा उल्लेख त्यात नाही.

खगोलविदाने मग वादाचा रोखच बदलला. सेरेस व व्हेस्टा हे मोठे लघुग्रह परस्परांजवळून जाताना एकमेकांच्या कक्षा इतक्या विचलित करतात की, लास्कर व सहकाऱ्यांच्या २०११ मधील गणनेनुसार, सुमारे सहा कोटी वर्षांपलीकडे पृथ्वीच्या कक्षेचा लांबटपणाही वर्तवता येत नाही. म्हणजे ‘मूळ वाट’ नावाची जपण्याजोगी वस्तूच नाही. विधिज्ञाने हे मान्य केले, पण या युक्तिवादाने निसर्गाची सबब गेली, धक्का देणाऱ्याची परवानगी सिद्ध झाली नाही, असे त्याचे म्हणणे पडले. ती परवानगी कोणी द्यावी, हे दोघांनाही सांगता आले नाही.