झगडणे कोणाशी?

आजचे वचन: इफिसकरांस पत्र 6:12

प्रियांनो, बेड्यांत असलेला पौल सांगतो की आपलं युद्ध माणसांशी नाही. मग अन्याय दिसला तर गप्प बसायचं का?

1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या. आपला गोंदियाही तेव्हा त्याच प्रांतात होता. उपाशी, निराधार मुलींवर वाईट नजर ठेवणारे कमी नव्हते. बाईंनी प्रार्थना तर केलीच, पण शेकडो मुलींना केडगावला नेलं, जेवू घातलं, शिकवलं.

मी साधा सॉफ्टवेअरवाला. मागच्या धान हंगामात एका राइस मिलसाठी हमालीचा हिशोब बसवला. मालक म्हणाले, "487 झाले तर 480 धरा, चिल्लर कोण मागते?" मी धरले. एका ओळीचा कोड! दोन दिवस मालकांवर चिडलो, आणि ओळ तर माझ्याच हातची होती.

सोमवारी ती काढली आणि त्यांना फोन करून सांगितलं. तेव्हापासून माझं बिल अडकलंय.

प्रभो, मालकांविषयीचा राग माझ्या मनातून काढ, पण ती ओळ मला परत टाकू देऊ नकोस. येशूच्या नावाने, आमेन.