नोंद आणि मालकी

ज्या गोष्टीचा निर्णय करण्याचा अधिकार आपण सरकारास मुळात देतच नाही, तिचाच दाखला सरकारदरबारी अर्ज करून मागावा की नाही, हा पेच 2022 सालच्या पावसाळ्यात बदलापुरातील एका घरात उभा राहिला. एकीकडे अंबरनाथच्या तहसील कचेरीतून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले मामा. दुसरीकडे उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंगचे काम करणारा भाचा, ज्याची जन्मनोंद मुलगी म्हणून झाली आणि जो कळू लागल्यापासून स्वतःस पुरुष जाणतो. आप्तांपैकी मामांनीच त्याला मुलाच्या नावाने प्रथम हाक मारली, हे येथे सांगितलेच पाहिजे; कारण त्यांच्या वादात मायेची वाण कोठेच नव्हती.

मामा : अर्जाला हरकत कसली? तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019चा कायदा आहे, 2020चे नियम आहेत. प्रतिज्ञापत्रासह ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला की वैद्यकीय तपासणीवाचून दाखला मिळतो. कागदावाचून माणूस किती उघडा पडतो, हे मी उभी नोकरी पाहत आलो.

भाचा : ते मी रोज सोसतो, मामा. लोकलमध्ये तपासनीस पासावरचे नाव वाचतो, माझ्या मिशीकडे पाहतो, पुन्हा नाव वाचतो, आणि तेवढ्या अवधीत अख्खा डबा माझा निवाडा करून मोकळा होतो. तरी अर्जाला बसलो की हात अडतो. आमच्यासारख्यांच्या नोंदवह्या यापूर्वीही झाल्या आहेत. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता; उत्तर हिंदुस्थानात संशयावरून त्यांची नावे पोलिसी वहीत चढत, आणि नाव चढलेला माणूस स्त्रीवेषात रस्त्यावर दिसला तर वॉरंटाविना अटक व दोन वर्षांपर्यंत कैद.

मामा : ती वही दंडासाठी होती, ही हक्कासाठी आहे. तुझी खरी अडचण निराळी दिसते.

भाचा : होय. 2014च्या 15 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ज्याचे त्याने ठरवावे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा आहे. मग माझ्याविषयीचे ज्ञान जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने प्रमाण व्हायचे कशाला?

मामा : तू मीमांसकांचा पक्ष घेतोस. ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक पुरावा आला तरच ते खोटे ठरते, असे ते म्हणत. नैयायिक मात्र प्रामाण्य बाहेरून सिद्ध करावयास सांगत, आणि कचेरी ही जन्मजात नैयायिक असते. एरवी कोणीही येऊन काहीही म्हणेल.

भाचा : मिळकतीविषयी म्हणेल खरे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, 1949मध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. मागे राहिलेल्या घरांच्या क्लेमांची सरकारने छाननी केली, ते रास्तच. पण आपण सिंधी आहोत, हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार होते? आणि मी पुरुष असल्याचे सोंगच घेतले म्हणा, तर त्यातून लाभ तो कोणता, मामा? घरभाड्याला नकार?

मामा : निदान तृतीयपंथी समाजाला परंपरेचे स्थान आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माचा जोगता आहे, बारशाला आशीर्वाद मागणारी घरे आहेत.

भाचा : आशीर्वाद मागतात आणि शेजार नाकारतात. शिवाय ते स्थानही सर्वांचे नाही. माझ्यासारख्या ट्रान्स पुरुषाला, बाईवर प्रेम करणाऱ्या बाईला, स्त्री-पुरुष दोन्ही रकाने परके वाटणाऱ्याला कोणत्या परंपरेने पाटावर बसवले? आम्ही सगळे एकाच दुःखाचे नमुने नाही. मला मिशी फुटली तेव्हा झालेला आनंद कोणत्या रकान्यात लिहू?

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग ज्या फेरफारांत आयुष्य गेले, त्यांकडेच वळले.

मामा : बाप वारला की मुलगा वारसनोंदीला येतो. तलाठी फेरफार घालतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. पण फेरफाराने मालकी उत्पन्न होत नाही. ती वारशाने आधीच झालेली असते, आणि न्यायालयांनी हे वारंवार सांगितले आहे. तुझा दाखला हा असाच फेरफार समज. तू पुरुष आहेस. सरकारने ते फक्त आपल्या दफ्तरी घ्यावे.

भाचा : दृष्टांत पटतो, पण अर्ध्यावर थांबतो. वारसाला कोणी देहावर शस्त्र चालवून यायला सांगत नाही. या दाखल्यावर मला 'ट्रान्सजेंडर' एवढेच लिहून मिळेल. 'पुरुष' लिहून हवे तर त्याच कायद्याचे सातवे कलम आधी शस्त्रक्रिया आणि तिच्याबद्दल रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र मागते. तेथे नोंदच मालकी ठरवू पाहते.

मामा : हे खरे. त्याला माझ्या दफ्तरात उत्तर नाही.

भाचा : मग पहिला अर्ज मी करतो, कारण पगार नि पास थांबून राहत नाहीत. मात्र सातव्या कलमाविरुद्ध निवेदन तुम्ही लिहायचे.

मामा : लिहितो. तुझा अर्ज पोर्टलवर जाईल. निवेदन घेऊन मी स्वतः ठाण्याला जाईन आणि बारनिशीचा शिक्का घेतल्यावाचून परतणार नाही.