तिकिटावर न मावलेला शाहीर

अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत गेले. हिंगोली जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, ही तारीख हार घालून उरकते. खरी गर्दी लोटते दोन आठवड्यांनी, १ ऑगस्टच्या जयंतीला: चौकात कमान, पिवळे झेंडे, पुढे हलगी आणि मागे डीजेची गाडी.

याच माणसाच्या कार्यक्रमांना एकेकाळी सरकारी बंदी होती. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कम्युनिस्टांचे म्हणून पथकावर बंदी घातली, अश्लील म्हणून तमाशावरही. अण्णा भाऊंनी तमाशाला लोकनाट्य म्हटले. ही नुसती नावाची पळवाट नव्हती. गवळण गळाली, गणातले वंदन मातृभूमीकडे वळले आणि वगात राजाच्या जागी गिरणी कामगार आला.

हिंगोली तेव्हा हैदराबाद राज्यात होती. मुंबईचा हुकूम इथे चालत नव्हता. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि ज्या चळवळीने पुढे संयुक्त महाराष्ट्र मिळवला, तिचा आवाज हेच शाहीर होते. अण्णा भाऊंमागोमाग सहा आठवड्यांत, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. गवाणकरांचे नाव आज क्वचितच निघते.

सरकारदरबारी सन्मान मरणानंतर वाढत गेला. १९८५ साली त्यांच्या नावाचे विकास महामंडळ आले, २००२ साली चार रुपयांचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. मान मिळाला तो मुख्यतः ‘फकिरा’ कादंबरीच्या लेखकाला. त्याला हयातीतच, १९६१ साली, राज्य पुरस्कार मिळाला होता. बंदी मात्र शाहिरावर होती, आणि शाहीर तिकिटावर मावत नाही. छापील वगात संवाद राहतात; प्रेक्षक पाहून ऐन वेळी घातलेली भर, डफाची थाप, झीलकऱ्यांचा सूर हे सारे कलावंतांबरोबरच जाते.

हलगीचेही तसे सोपे नाही. मातंगांवर, म्हणजे अण्णा भाऊंच्याच समाजावर, ती गावकीचे काम म्हणून लादलेली. त्यामुळे स्वाभिमानापोटी अनेकांनी ती खाली ठेवली. जयंतीला वाजते ती मात्र स्वतःच्या माणसासाठी. ऑगस्टच्या ओल्या हवेत तिचे कातडे सैल पडते. मग मिरवणूक निघण्याआधी वाजवणारे रस्त्याकडेला कागद पेटवतात, हलगी धगीवर फिरवतात, बोटांनी टिचकी मारून पाहतात आणि आवाज खणखणीत झाला की उठतात.