पटवाऱ्याची नोंद आणि गणिताची सिद्धता

वऱ्हाडात जुनी माणसं तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात. अकोल्याकडचं एखादं शेत विकलं गेलं किंवा भावाभावांत वाटणी झाली, की तो फेरफार लिहितो, संबंधितांना नोटीस जाते, हरकती ऐकल्या जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सातबारा बदलतो तो त्यानंतर. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मधली ही रीत कागदाच्या काळात माणसांच्या नजरेवर चालली. ई-फेरफार आला आणि तो पहारा प्रोग्रामकडे गेला. लॉगिन कोणाचं, अधिकार कोणता, हे आता काम चालू असतानाच तपासायचं.

या तपासणीवर कितपत विसंबायचं, हा प्रश्न पन्नास वर्षांचा आहे. संगणकशास्त्रज्ञ बटलर लॅम्पसन यांनी १९७१ मध्ये अधिकारांचा तक्ता मांडला: ओळीत माणसं, रकान्यात वस्तू, चौकटीत परवानगी. पण अधिकार दिले-काढले जातात, म्हणजे तक्ताही बदलत राहतो. १९७६ मध्ये हॅरिसन, रुझो आणि उलमन यांनी सिद्ध केलं, की बदलाचे नियम हवे तसे असू दिले, तर एखादा अधिकार पुढे कधी भलत्याच्या हाती पडेल का, हे दर वेळी सांगणारी यांत्रिक पद्धत असूच शकत नाही. नियम आवळले तर मात्र उत्तर मिळतं. पुढची सारी वाटचाल या आवळण्यातूनच झाली.

नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये लिहिलेली घटना बोलकी आहे. बिलांची फाइल जिथे होती तिथे लिहायचा अधिकार कंपायलर या प्रोग्रामला होता. कुणीतरी निकाल साठवायला त्याच फाइलचं नाव दिलं आणि बिलं पुसली गेली. अधिकार खरा, पण काम दुसऱ्याच्या सांगण्यावरून! असा धोका टाळायला जावा भाषेने १९९८ मध्ये नाजूक कामाआधी हाक देणाऱ्या कोडची अख्खी साखळी तपासायला घेतली. तरी फट उरलीच. जो कोड काम संपवून साखळीतून निघून गेला, त्याने मागे ठेवलेलं मूल्य कोण तपासणार?

इथे अनिंद्य बॅनर्जी आणि डेव्हिड नॉमन यांचं २००५ चं काम महत्त्वाचं ठरतं. समजा, एकच फंक्शन हक्कदाराला पूर्ण नोंद देतं आणि इतरांना फक्त सार्वजनिक भाग. अधिकारांकडे न पाहणारी पडताळणी दोन्ही उत्तरं गुप्तच धरेल. या दोघांनी कोणता अधिकार नाही हेही हिशेबात घेतलं. त्यामुळे गुप्त माहिती बदलली तरी परक्याला दिसणारं बदलत नाही, हे प्रोग्राम चालण्याआधीच सिद्ध करता आलं. चालताना होणारी तपासणी सिद्धतेचा भाग झाली.

मुंबईत आर. के. श्यामसुंदर आणि एन. व्ही. नरेंद्र कुमार यांनी माहितीलाच चिठ्ठी जोडली: मालक कोण, वाचणारे कोण, हात लावलेले कोण. माहिती पुढे सरकते तसे वाचणारे घटतात आणि हात लावलेले वाढतात. गावच्या नोंदींना ही मांडणी फार जवळची आहे.

सातबाऱ्यावर वऱ्हाडातल्या कास्तकाराचं पीककर्ज अवलंबून असतं. ‘एकाच फेरफाराची नोंद आणि त्याचं प्रमाणन एकाच लॉगिनने कधीही होऊ शकत नाही’ हा नियम एका वाक्यात मावतो, आणि इतक्या आवळ नियमाची सिद्धता आवाक्यातली आहे. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या प्रकल्पासाठी कलम १५० गणिताच्या भाषेत लिहायला घ्यावं.