सेनापतीचा हुकूम आणि परक्याचा मान

प्रत्येक मिस्साबलिदानात ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण जी प्रार्थना म्हणतो, ती मुळात एका लष्करी अधिकाऱ्याच्या उद्गारांवरून घेतलेली आहे. कफर्णहूमचा तो शताधिपती यहुदी नव्हता. तरीही संत लूक सांगतो की, यहुदी वडीलजनांनीच येशूकडे त्याच्यासाठी रदबदली केली. कारण परका असूनही त्याने त्यांच्या लोकांवर प्रेम केले होते, त्यांना सभास्थान बांधून दिले होते. आपण 'जा' म्हटले की शिपाई जातो, हे तो येशूला कळवतो. आपल्या शब्दाचे वजन किती, हे त्याला ठाऊक होते.

मग सेनापतीचा स्वभाव ही त्याची खासगी बाब मानावी काय? त्याने लढाई जिंकली म्हणजे झाले, बाकीच्या गोष्टींशी आपल्याला काय करायचे आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेच्या इतिहासातील एक प्रसंग आठवतो. आपण कॅथलिकांनी तो जाणून घ्यावा असा आहे.

१७७५ साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वसाहतींच्या सैन्याचे सेनापतिपद जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडे आले. सैन्याने बोस्टन शहराला वेढा घातला होता आणि बहुतेक शिपाई त्याच भागातील प्रोटेस्टंट होते. तेथे दर ५ नोव्हेंबरला 'पोप डे' साजरा होई. १६०५ साली इंग्लंडमध्ये काही कॅथलिकांनी राजा व पार्लमेंट सुरुंगाने उडवण्याचा कट केला होता, त्याची ही आठवण. पोपमहोदयांचा आणि सैतानाचा पुतळा गाड्यावरून मिरवीत नेत आणि शेवटी जाळून टाकीत. लहानथोर सारे त्यात सामील होत. त्या वर्षी छावणीतही हा प्रकार करण्याचा काही जणांचा बेत होता. सेनापतींच्या कानावर तो गेला आणि त्यांनी त्याच दिवशीच्या हुकुमात त्यावर बंदी घातली. ही रूढी पोरकट व हास्यास्पद आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. आपल्या अधिकाऱ्यांना आणि शिपायांना एवढेही कळू नये, याचे त्यांनी आश्चर्य व्यक्त केले.

वॉशिंग्टन स्वतः कॅथलिक नव्हते. पुतळा जळाला असता तरी त्या छावणीत फारसे कोणी दुखावले नसते. मग त्यांनी हे का केले?

कोणी म्हणेल, यात स्वभावाचा काय संबंध? त्यांना कॅनडातील फ्रेंच कॅथलिकांची मदत हवी होती! हे खरेच आहे. हुकुमातच ते कारण दिलेले आहे. परंतु त्याआधी, सप्टेंबरमध्ये, कॅनडाच्या मोहिमेवर निघालेल्या बेनेडिक्ट अरनॉल्ड यांना त्यांनी जे पत्र दिले, त्यात आणखीही काही आहे. तेथील लोकांच्या उपासनाविधींची कोणी टवाळी करू नये, असे त्यांनी बजावले. आपण स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी लढत असताना दुसऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर घाला घालू नये आणि माणसाच्या अंतःकरणाचा न्याय करणारा एकटा परमेश्वर आहे, असा त्याचा आशय होता. कॅनडाची मोहीम फसली. तो फायदा पदरात पडला नाही, पण ही वृत्ती टिकली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १७९० साली त्यांनी अमेरिकेतील कॅथलिकांना आणि न्यूपोर्टच्या यहुदी समाजाला पत्रे लिहिली. धर्मस्वातंत्र्य म्हणजे एका वर्गाने दुसऱ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, हा विचार त्यांनी न्यूपोर्टच्या पत्रात मांडला. पुढच्याच वर्षी धर्मस्वातंत्र्याची हमी त्या देशाच्या घटनेत आली. ती काही एकट्या वॉशिंग्टन यांची करणी नव्हे. पण सेनापतीनेच छावणीत तो पुतळा जळू दिला असता, तर त्या शिपायांनी नव्या राष्ट्राविषयी कोणता धडा घरी नेला असता?

येथेच थांबलो तर आपण अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. त्या हुकुमानंतर अवघ्या एका आठवड्याने, १२ नोव्हेंबरला, त्याच सेनापतींनी कृष्णवर्णीयांना भरती करू नये असा हुकूम काढला. बोस्टनभोवतीच्या लढायांत कृष्णवर्णीय शिपाई आधीच लढले होते! डिसेंबरअखेर वॉशिंग्टन यांनी स्वतंत्र कृष्णवर्णीयांना भरतीची मुभा दिली, पण स्वतःच्या मळ्यावर त्यांनी अखेरपर्यंत गुलाम ठेवले. आपल्या मालकीच्या गुलामांना पत्नीच्या निधनानंतर मुक्त करावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले. १७९९ साली त्यांचे निधन झाले. ज्या राष्ट्राने १७७६ साली सर्व माणसे समान असल्याची घोषणा केली, तेथे गुलामगिरी १८६५ पर्यंत चालली. पुढाऱ्याचे मोठे मन राष्ट्राला उभारी देते, तशी त्याच्या मनाची कुंपणेही राष्ट्राच्या वाट्याला येतात. एका परक्याला मान देणारा माणूस दुसऱ्या परक्याला सहज विसरू शकतो. आम्हाला वाटते, या कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

आपल्या हाताखाली सैन्य नाही. पण घरात, कचेरीत, मंडळात, सोसायटीच्या सभेत आपल्यातील प्रत्येकाचा शब्द कोणी ना कोणी मानतो. तेथे दुसऱ्या समाजाच्या खाण्यावर, भाषेवर, प्रार्थनेवर विनोद होतात. ज्यांच्यावर ते होतात, ती माणसे बहुधा तेथे हजर नसतात. आपण हसून गप्प बसतो आणि आपली मुले आपल्याकडे पाहून शिकतात. आपले गप्प बसणे हाही त्यांच्या दृष्टीने एक हुकूमच असतो.

आपल्या धर्माची कोणी चेष्टा केली की आपण दुखावतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्यासमोर कोणाकोणाची चेष्टा आपण आजवर चालू दिली? या रविवारी शताधिपतीचे शब्द ओठांवर येतील, तेव्हा आपण स्वतःला एवढे विचारू या.